नळ बसवणारा माणूस : घरातल्या तोटीचा इतिहास

आजचा विषय वाचून काहींना वाटलं असेल, हा काय इतिहासाचा विषय झाला? घरातला नळ गळायला लागतो, आपण दुकानातून नवा आणतो, वॉचमनला विचारून एखाद्या प्लंबरला बोलावतो. तो पाना घेऊन येतो, अर्ध्या तासात नळ बसवतो, आणि मग दारात उभं राहून घासाघीस सुरू होते. "अर्ध्या तासाचे एवढे?" आपण म्हणतो. तो म्हणतो, "साहेब, भिंतीतला पाइप बघितलात का?" इथे दोघांनाही माहीत नसतं, की नळ बसवायचे किती घ्यायचे, कोणी घ्यायचे आणि काम बिघडलं तर दाद कुठे मागायची, याचा विचार आपल्या कायद्यात फार पूर्वीच झालेला आहे.

म्हणून आज तीन गोष्टी बघू. तोटी कुठून आली, ती बसवायचा अधिकार कोणाला होता, आणि तो अधिकार असलेला माणूस आपल्या नजरेआड कसा झाला.

आधी एक साधा फरक लक्षात घेऊ. आपण 'नळ' म्हणतो तेव्हा कधी पाणी वाहून नेणारी नळी म्हणतो, तर कधी टोकाला बसवलेली तोटी. यातली नळी आपल्याकडे जुनी आहे. औरंगाबाद, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, इथे सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मलिक अंबरने नहर बांधली आणि जमिनीखालून पाणी शहरात आणलं. पुण्यात अठराव्या शतकाच्या मध्याला नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून दगडी बांधणीच्या नळातून पाणी शहरात आलं. काळा हौद, बदामी हौद ही नावं त्याच व्यवस्थेतली.

या व्यवस्थेत पाणी उताराने वाहत येई आणि हौदात पडे. हौद भरला की पुढे जाई. माणूस घागर घेऊन पाण्याकडे जात असे, पाणी माणसाच्या स्वयंपाकघरात येत नसे. त्यामुळे प्रत्येक घरात पाणी अडवून धरणारी तोटी लागत नव्हती. ती लागली, जेव्हा पाणी दाबाखाली बंद नळात उभं राहायला लागलं तेव्हा.

आपल्याकडे ही वेळ आली मुंबईत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मुंबई विहिरी आणि तलावांवर जगत होती. धोबी तलाव, गोवालिया टँक, सी. पी. टँक ही नावं आजही तोंडात आहेत, तलाव मात्र बुजले. १८५४ साली पाऊस कमी झाला आणि शहरात पाण्याचे इतके हाल झाले, की बाहेरून पाणी आणण्याची वेळ आली. हेन्री कॉनिबेअर या अभियंत्याची विहार तलावाची योजना त्यानंतर हाती घेतली गेली. १८५६ ला काम सुरू झालं आणि १८६० मध्ये विहारचं पाणी बिडाच्या मोठ्या नळातून शहरात आलं. पुढे १८७९ मध्ये तुळशी आणि १८९२ मध्ये तानसा.

आता तलाव उंचावर आणि शहर खाली. म्हणजे नळात दाब आला. अशा दाबाला जुन्या पद्धतीची तोटी पुरी पडत नाही. जुनी तोटी म्हणजे भोक पाडलेला एक खुंटा. तो पाव फेरा फिरवला की पाणी सुरू, परत फिरवला की बंद. दाब वाढला की ती झिजायची, गळायची, आणि झटकन बंद केली की नळात दणका बसायचा. यावरचा उपाय इंग्लंडमधल्या रॉदरहॅम गावी निघाला. गेस्ट अँड क्राइम्स या कारखान्याने १८४५ मध्ये पेच आवळून बंद होणाऱ्या तोटीचं पेटंट घेतलं. चावी फिरवत गेलं की पेच हळूहळू खाली उतरतो आणि त्याच्या टोकाची चकती पाण्याच्या तोंडावर दाबून बसते. आपल्या घरात अजून जुना पितळी नळ असेल, तर तो याच वंशातला. आणि ती चकती म्हणजे आपला 'वायसर'. नळ गळतो म्हणजे बहुतेक वेळा हा वायसर गेलेला असतो.

या वायसरने आपल्याकडे एक वेगळाच पेच टाकला. सुरुवातीचे वायसर चामड्याचे असत. म्हणजे विहिरीवर सोवळ्यात पाणी भरणाऱ्या घरात जे पाणी येणार, ते चामड्याला लागून येणार! शिवाय त्या नळाला वाटेत कोणाचे हात लागले, हेही कळायचा मार्ग नाही. त्यामुळे नळाचं पाणी धुण्याला, आंघोळीला चालेल, पण देवाला आणि सोवळ्याच्या स्वयंपाकाला विहिरीचंच, अशी वाटणी कित्येक कर्मठ घरांत झाली. १९११ साली डॉ. बेंटली यांचा मुंबईतल्या मलेरियाविषयी अहवाल आला. डासांची पैदास विहिरींत होते, म्हणून विहिरी झाका, बुजवा असं सुरू झालं. तेव्हा धार्मिक कारणाने विरोध झाला तो याच भावनेतून, आणि त्यात हिंदूंबरोबर पारशीही होते.

हे आज गमतीचं वाटेल, पण ते गमतीचं नव्हतं. महात्मा फुल्यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला १९२७ मध्ये, विहारचं पाणी मुंबईत येऊन सदुसष्ट वर्षं झाल्यावर. पाण्याला कोणाचा हात लागला, हा प्रश्न इतका खोल होता. आणि नळ बसवणारा माणूस म्हणजे नेमका पाण्याच्या वाटेला हात लावणारा माणूस. ही गोष्ट पुढच्या भागासाठी लक्षात ठेवा.

आता दुसरा प्रश्न, अधिकाराचा. 'प्लंबर' या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधलं 'प्लंबम' आहे, म्हणजे शिसं. रोमन लोक शिशाचे नळ वापरत आणि ते ओतणारा कारागीर तो प्लंबेरियस. रोम शहराच्या पाण्याचा कारभार इसवी सन ९७ मध्ये फ्रंटिनस नावाच्या अधिकाऱ्याकडे आला. त्याने लिहून ठेवलेलं पुस्तक आज उपलब्ध आहे, आणि ते वाचताना एखाद्या महापालिकेच्या पाणी खात्यात बसल्यासारखं वाटतं. कोणी मंजुरीपेक्षा मोठी नळी लावली आहे, कोणी रस्त्याखालून चोरून जोड घेतला आहे, आणि हे सगळं आतल्याच माणसांच्या संगनमताने. त्यावर रोमची पद्धत अशी, की घरगुती जोडाच्या तोंडाशी ठरावीक मापाची, सरकारी शिक्का मारलेली कांस्याची नळी बसवायची.

म्हणजे बघा, पाणी सार्वजनिक आणि घर खाजगी. या दोहोंच्या सीमेवर जो माणूस पाना घेऊन बसतो, त्याच्यावर विश्वास ठेवायचा कसा, हा प्रश्न दोन हजार वर्षं जुना आहे. रोमने उत्तर दिलं, नळीवर शिक्का मारा. मुंबईने उत्तर दिलं, माणसाला परवाना द्या. १८८८ च्या मुंबई महानगरपालिका कायद्यात परवानाधारक प्लंबरची तरतूद आहे. महापालिकेच्या पाण्याला जोडणारं काम कोणीही उठून करायचं नाही, परवाना असलेल्यानेच करायचं.

पुढे १९४९ मध्ये मुंबई प्रांतिक महानगरपालिका कायदा झाला. पुणे महापालिका १९५० मध्ये स्थापन झाली ती याच कायद्याखाली, आणि आज हाच कायदा महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम म्हणून ओळखला जातो. यात प्लंबरविषयी जे लिहिलं आहे, ते प्रत्येक घरमालकाने आणि प्रत्येक प्लंबरने एकदा वाचावं. कोणत्या कामाला किती आकार घ्यायचा, हे आयुक्त ठरवू शकतात. परवानाधारकाने त्याहून जास्त मागायचं नाही. शिवाय कामाचा दर्जा, वापरलेला माल, लावलेला उशीर आणि घेतलेले पैसे, या चारही बाबतींत घरमालकाची तक्रार ऐकून निकाल लावायची सोय करायची, असंही कायदा सांगतो. आपण दारात उभं राहून जी घासाघीस करतो, तिचे चारही मुद्दे यात आले!

मग ही व्यवस्था आपल्याला कधी दिसत का नाही? याचं एक कारण माणसात आहे आणि एक वस्तूत.

वस्तूतलं कारण मोठं मजेशीर आहे. इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थ याने १८४१ मध्ये पेचाच्या आट्यांचं प्रमाण सुचवलं. प्रत्येक कारखान्याने आपापले आटे पाडण्याऐवजी सगळ्यांनी एकाच मापाचे पाडावेत. त्यातूनच नळाच्या आट्यांचं ब्रिटिश प्रमाण निघालं आणि साम्राज्याबरोबर ते आपल्याकडे आलं. आजही आपण दुकानात 'अर्धा इंची' नळ मागतो. घरी आणून मोजा, त्यावर अर्धा इंच कुठेच सापडणार नाही. आट्यांचा बाहेरचा व्यास भरतो जवळजवळ २१ मिलिमीटर. कारण अर्धा इंच हे माप मुळात जुन्या लोखंडी नळाच्या आतल्या पोकळीचं. नळ बदलले, धातू बदलला, प्लास्टिक आलं, आटे तेच राहिले. एका इंचात चौदा. म्हणून आज घेतलेली चकचकीत तोटी आजोबांच्या काळातल्या भिंतीतल्या जोडाला बसते.

याचा परिणाम असा झाला, की तोटी बदलणं हे काम परवान्याच्या चौकटीतून आपोआप बाहेर पडलं. नवा नळजोड घ्यायचा तर अर्ज, सही, परवानाधारक. घरातली तोटी बदलायची तर ज्याच्याकडे पाना आहे तो. पूर्वी आट्यांवर सूत गुंडाळून सफेदा लावावा लागे, त्यात हात बसलेला असावा लागे. आता टेफ्लॉनची पट्टी आली. काम सोपं दिसायला लागलं, आणि सोप्या दिसणाऱ्या कामाची किंमतही कमी दिसायला लागली.

माणसातलं कारण असं, की परवाना एकाच्या नावावर आणि पाना दुसऱ्याच्या हातात, अशी फारकत झाली. आज मुंबई-पुण्यात तुमच्या घरी येणारा प्लंबर ओडिशातल्या केंद्रापाडा जिल्ह्यातला असण्याची बरीच शक्यता आहे. त्या भागातून पिढ्यान्‌पिढ्या लोक या कामासाठी देशभर गेले, आणि आता तिथे पट्टामुंडईला राज्य सरकारची प्लंबिंगचं शिक्षण देणारी संस्थाही आहे. आपल्याकडे आयटीआयमध्ये हा अभ्यासक्रम आहे. पण बहुतेक जण अजूनही काकाच्या, भावाच्या हाताखाली शिकतात. त्यांचं कसब खरं असतं, पण कोणत्याही कागदावर नसतं. आपण त्यांना नावाने ओळखत नाही. मोबाईलमध्ये नंबर 'प्लंबर' म्हणूनच जपलेला असतो.

मघाशी लक्षात ठेवा म्हटलेली गोष्ट इथे येते. नळाच्या वाटेला कोणाचे हात लागतात, या शंकेने एकेकाळी घरं त्या पाण्यापासून लांब राहिली. आज तसं उघडपणे कोणी म्हणत नाही. पण काम झाल्यावर त्या माणसाला पाणी कोणत्या पेल्यातून दिलं जातं, हात कुठे धुवायला सांगितलं जातं, हे आपापल्या घरात बघा. कायद्याने त्याला परवाना आणि जबाबदारी देऊ केली होती. आपण त्याला बिननावाचा करून टाकलं, आणि त्यात आपलीही सोय गेली. ज्याचं नाव माहीत नाही, त्याच्याकडे तक्रार कशी करणार?

म्हणून शेवटी थोडं व्यवहाराचं बोलतो. तोटी बदलायची असेल तर काम सुरू होण्याआधी विचारा, की भिंतीतला जुना निप्पल गंजलेला निघाला तर काय करायचं आणि त्याचे किती. मजुरीचा खरा प्रश्न तिथेच असतो. नवी तोटी लावायला वेळ लागत नाही. जुनी काढताना आतला जीर्ण लोखंडी जोड तुटला, तर टाइल फोडावी लागते. जाणता कारागीर तो न तोडता काढतो, आणि आपण पैसे देतो ते या हाताचे. पैसे द्यायच्या आधी मुख्य कॉक उघडून, आटे कोरडे पुसून, दहा मिनिटं थांबा. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला ८६,४०० थेंब. चार थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तरी एकवीस लिटरच्या वर पाणी गेलं. आणि काय काम केलं, कोणता माल लावला, किती घेतले, हे एका चिठ्ठीवर त्याच्या नावासकट लिहून घ्या. १९४९ च्या कायद्याने ज्या गोष्टींवर दाद मागायची सोय ठेवली, त्या सगळ्या त्या चिठ्ठीवर येतात. तक्रारीला ती तुमच्या उपयोगी, आणि पुढचं काम मिळवायला त्याच्याही.

आपापल्या महापालिकेत परवानाधारकांची यादी आणि कामाचे दर मागून बघा, ते ठरवायचा अधिकार कायद्यात आजही आहे. मागणारेच उरले नाहीत, तर देणारे तरी कशाला काढतील?

इथे थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.