दृश्यनिवडीचे यंत्र : दूरचित्रवाणीच्या इतिहासातील एक उपेक्षित साधन

दूरचित्रवाणीच्या इतिहासाचा विचार करताना अभ्यासकाचे लक्ष बहुधा पडद्यावर दिसलेल्या चित्राकडे असते. ते चित्र इतर चित्रांना डावलून पडद्यावर कसे आले, हा प्रश्न तंत्रज्ञांचा म्हणून बाजूस ठेवला जातो. अनेक कॅमेऱ्यांकडून एकाच वेळी येणाऱ्या चित्रांपैकी एक निवडून प्रक्षेपणास देणारे जे यंत्र, त्यास ब्रिटनमध्ये ‘व्हिजन मिक्सर’ व अमेरिकेत ‘स्विचर’ म्हणतात. पहिल्या नावात मिश्रणाची क्रिया प्रधान आहे, दुसऱ्यात बदलाची. शिवाय ब्रिटिश परिभाषेत ते नाव यंत्राचे आहे तसेच ते चालविणाऱ्या व्यक्तीचेही आहे. हा अर्थविस्तार उद्‌बोधक आहे. कारण या यंत्राच्या जुळणीत प्रथमपासून दोन प्रश्न गुंतलेले आहेत. सर्व चित्रे एकाच तालात आहेत काय, हा पहिला. आणि त्यांतून कोणते दाखवावयाचे, हा दुसरा. पहिला प्रश्न यंत्राने हळूहळू आपल्या पोटात घेतला; दुसरा माणसाकडेच राहिला.

२ नोव्हेंबर १९३६ रोजी लंडनमधील अलेक्झांड्रा पॅलेस येथून बीबीसीची नियमित दूरचित्रवाणी सेवा सुरू झाली, तेव्हा दोन पद्धती आलटून पालटून वापरात होत्या. बेअर्ड यांच्या पद्धतीच्या एका प्रकारात दृश्य आधी फिल्मवर टिपले जाई, ती फिल्म लगोलग धुतली जाई व मग तिचे प्रक्षेपण होई; यात सुमारे एक मिनिट जाई. इतके मागे पडलेले चित्र तत्क्षणी येणाऱ्या चित्राशी जोडणे दुष्करच होते. मार्कोनी-ईएमआय पद्धतीत ४०५ रेषांची चित्रे सेकंदास २५ या गतीने, प्रत्येकी दोन अर्धचित्रांत विभागून पाठविली जात, आणि सर्व कॅमेरे एकाच केंद्रातून निघणाऱ्या कालस्पंदांवर चालत. फेब्रुवारी १९३७ मध्ये हीच पद्धत कायम करण्यात आली. त्याच वर्षी १२ मे रोजी सहाव्या जॉर्जच्या राज्याभिषेकाची मिरवणूक हाइड पार्क कॉर्नर येथून ३ कॅमेऱ्यांनी दाखविण्यात आली.

समान कालस्पंदांची ही आवश्यकता नीट समजून घेतली पाहिजे. पुढे प्रचारात आलेल्या ६२५ रेषांच्या पद्धतीत एक अर्धचित्र संपून दुसरे सुरू होईपर्यंत सुमारे १.६ मिलिसेकंदांचा रिक्त काळ असे. एका कॅमेऱ्यावरून दुसऱ्यावर जावयाचे ते या फटीतच. दोन कॅमेरे एका तालात नसले, तर बदलाच्या क्षणी घरच्या संचावरील चित्र उसळे किंवा घसरे. रंगीत चित्रांमुळे ही अट अधिकच कडक झाली. पाल पद्धतीतील रंगवाहक लहरीचे एक आवर्तन सुमारे २२५ नॅनोसेकंदांचे असते, आणि संकेतास केबलमधून एक मीटर जाण्यास सुमारे ५ नॅनोसेकंद लागतात. म्हणजे एका कॅमेऱ्याची केबल इतरांहून १० मीटर अधिक लांब असली आणि त्याची भरपाई केली नाही, तर त्याचे रंग ओळखू न येण्याइतके बदलत. यास्तव यंत्राची जुळणी म्हणजे केबलींच्या लांबीचा हिशेबही असे. संकेतास मुद्दाम विलंब लावण्यासाठी जादा केबलीची वेटोळी ठेवली जात. मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले ते कृष्णधवल चित्रांचे. १९८२ साली भारतात रंगीत प्रक्षेपण आले, तेव्हा हा काटेकोरपणा येथील स्टुडिओंनाही अंगीकारावा लागला.

सत्तरच्या दशकाच्या मध्यास परिस्थिती पालटली. संपूर्ण चित्र अंकरूपाने क्षणभर साठवून ते स्थानिक तालावर पुन्हा बाहेर सोडणारी साधने उपलब्ध झाली. १९७६ च्या माँट्रिऑल ऑलिंपिकमध्ये अशा साधनाने एका चित्राच्या कोपऱ्यात दुसरे चित्र बसविण्यात आले. बाहेरून येणाऱ्या चित्राने स्टुडिओच्या तालावर चाललेच पाहिजे, ही अट येथून सैल झाली. २०१९ च्या सुमारास टेबलावर मावणारे चार प्रवेशांचे स्विचर अल्प किमतीत मिळू लागले, आणि त्यांत प्रत्येक प्रवेशास अशी सोय अंगचीच होती. २०२० च्या महासाथीत शिक्षकांनीही ती यंत्रे हाताळली. कॅमेऱ्यांचा ताल जुळवावा लागतो, याची जाणीवही त्यांपैकी पुष्कळांना झाली नसेल.

तथापि जुना प्रश्न निमाला असे नव्हे. चित्र साठविले की ते मागे पडते. सेकंदास २५ चित्रे असता एक चित्र म्हणजे ४० मिलिसेकंद. अशी दोनतीन साधने ओळीने आली की ओठ हलण्यापूर्वीच शब्द ऐकू येतो, आणि ध्वनीलाही हेतुपूर्वक तेवढाच विलंब लावावा लागतो. तसेच जुळणीच्या आरंभी चित्रगती २५ वा ५० ठेवावी की ३०, हे ठरवावे लागते. १९३६ साली लंडनमध्ये सेकंदास ५० अर्धचित्रे ठरली ती विजेच्या ५० आवर्तनांस धरून. भारतातही वीज ५० आवर्तनांचीच असल्याने, ३० ची गती निवडणाऱ्यास कित्येक दिव्यांचा प्रकाश लुकलुकताना दिसतो. भाषेत जुने प्रत्यय अर्थ हरपल्यावरही टिकून राहतात, तसाच हा प्रकार होय.

दुसरा प्रश्न निवडीचा. यंत्रावरील बटणांच्या एका ओळीस ‘प्रोग्रॅम’ व दुसरीस ‘प्रिव्ह्यू’ म्हणतात. पहिलीवर जे आहे ते जगाला दिसते, दुसरीवर जे आहे ते केवळ निवडणाऱ्याला. या दोन ओळींमधील अंतर किती महत्त्वाचे, हे २ जून १९५३ रोजी दिसून आले. दुसऱ्या एलिझाबेथचा राज्याभिषेक ब्रिटनमध्ये २ कोटींहून अधिक लोकांनी दूरचित्रवाणीवर पाहिला. परंतु वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये कॅमेरे असूनही पवित्र तैलाभिषेकाचा विधी पूर्वनिर्णयानुसार दाखविला गेला नाही. पडद्यावरील अनुपस्थिती ही घटनेची अनुपस्थिती नव्हे, हे इतिहासकाराने येथे ध्यानात घ्यावयाचे आहे.

आणि त्याची खरी अडचण येथेच आहे. थेट प्रक्षेपणाचे मुद्रण जेथे झाले, तेथेही सामान्यतः ‘प्रोग्रॅम’चेच झाले, प्रत्येक कॅमेऱ्याचे चित्र वेगळे मुद्रित करणे मोठ्या संस्थांनाच परवडे. परिणामी निवडलेले चित्र साधन म्हणून उरले, आणि निवड कशातून झाली याचा पुरावा नाहीसा झाला. २०२० नंतर लहान यंत्रांतही प्रत्येक प्रवेशाचे स्वतंत्र मुद्रण शक्य झाले आहे. परंतु ते व्हावे की नाही, हे कार्यक्रमापूर्वी यंत्राची जुळणी करणारी व्यक्ती ठरविते. एखाद्या विद्यापीठातील व्याख्यान वा ग्रामसभा चित्रित करताना केलेली ही किरकोळ वाटणारी निवड पुढील पिढीच्या अभ्यासकापुढे कोणता पुरावा येईल, हे निश्चित करते. म्हणून यंत्राची जुळणी हे इतिहासाच्या साधनसंग्रहाचेच पहिले कार्य मानले पाहिजे.