स्वल्पविरामावर लटकलेली खुर्ची

मंडळी, आज १७८७च्या फिलाडेल्फियात जाऊ. राष्ट्राध्यक्ष कोण होऊ शकतो? अमेरिकेची राज्यघटना म्हणते: जन्मतः नागरिक, किंवा अमेरिकेचा नागरिक. आणि मग स्वल्पविराम देऊन शेवटी: घटना स्वीकारली त्या वेळी.

आता हे ‘त्या वेळी’ नक्की कुणाला लागू? सगळे धरतात, फक्त दुसऱ्याला. वॉशिंग्टन, हॅमिल्टन जन्मले तेव्हा हा देशच नव्हता ना, म्हणून ही सवलत. पण तो स्वल्पविराम काटेकोर वाचला, तर काळाची अट दोघांनाही चिकटते! मग १७८४ साली जन्मलेला झॅकरी टेलर शेवटचा वैध राष्ट्राध्यक्ष. पुढचे लिंकन, ओबामा, सगळे बाद. कायद्याच्या प्राध्यापकांनी हे गमतीत मांडलंयसुद्धा.

कोडमध्ये आपण सरळ कंस टाकला असता. इंग्रजीत तेच शब्द ‘किंवा’नंतर लगेच आले असते, तरी भागलं असतं.