खाट, डबा आणि दाखला

आमच्या भागातल्या कॉलेजांच्या स्मरणिका मी हौसेने वाचतो. रौप्यमहोत्सवी, सुवर्णमहोत्सवी, गुळगुळीत कागदाच्या. संस्थापकांचे फोटो, पायाभरणीचा दगड, गुणवत्ता यादीत आलेली मुलं, सगळं त्यात असतं. एक गोष्ट मात्र क्वचितच सापडते. लांबून आलेली मुलं राहायची कुठे, जेवायची काय आणि घरी परत कशी जायची?

चंद्रपूर-गडचिरोलीत हा प्रश्न किरकोळ नाही. एकट्या गडचिरोली जिल्ह्याचं क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर आहे आणि त्यातला तीन चतुर्थांश भाग जंगलाचा. दक्षिण टोकाच्या सिरोंच्यापासून जिल्ह्याचं ठिकाण दोनशे किलोमीटरहून लांब. इथल्या बहुतेक गावांत कॉलेजला जाणं म्हणजे घर सोडणं. त्यामुळे इथल्या उच्च शिक्षणाचा इतिहास लिहायचा तर इमारतींच्या आधी रस्ता, खाट, डबा आणि कागद यांचा लिहावा लागेल. पूर्ण इतिहास एका लेखात मावणार नाही. निदान सुरुवात करतो.

परीक्षा कलकत्त्याची, गाडी कोळशाची

१८८० च्या दशकात नागपुरात हिस्लॉप आणि मॉरिस ही दोन कॉलेजं निघाली. चांदा जिल्ह्यातल्या (चंद्रपूरचं जुनं नाव चांदा, आणि गडचिरोली तेव्हा त्यातच) मुलासाठी उच्च शिक्षण म्हणजे नागपूर. शिकायचं नागपुरात, पण परीक्षा आधी कलकत्ता विद्यापीठाची आणि नंतर अलाहाबादची. नागपूरला स्वतःचं विद्यापीठ मिळालं ४ ऑगस्ट १९२३ रोजी.

तिथवर जायचं कसं? वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंत रेल्वे आली ती १८७० च्या दशकात, वरोऱ्याच्या कोळशासाठी. पुढे ती बल्लारपूरकडे वाढली आणि १९२९ मध्ये काझीपेठला जोडली जाऊन दिल्ली-मद्रास सलग मार्ग झाला. पूर्वेकडे छोटी लाईन होती. नागपूर-नागभीड १९०८ मध्ये सुरू झाली आणि १९१३ पर्यंत नागभीडहून गाडी चांदा फोर्टला पोहोचली. गोंदियाकडून येणाऱ्या याच लाईनवर वडसा आहे. पुढे १९८२ साली २६ ऑगस्टला गडचिरोली वेगळा जिल्हा झाला, तेव्हा त्याच्या वाट्याला रेल्वेचं हे एकच स्थानक आलं आणि पुढची कित्येक दशकं ते एकटंच राहिलं. यातली कोणतीही लाईन विद्यार्थ्यांसाठी टाकलेली नव्हती. कोळसा, लाकूड आणि धान्य जिथून न्यायचं तिथून ती गेली. तिच्या आसपासच्या गावांतली मुलं शिकली, आणि अहेरी, एटापल्ली, भामरागडची मुलं नकाशाबाहेर राहिली.

आरमोरीजवळच्या आमच्या गावातून नागपूरला शिकायला गेलेले पहिले म्हणजे माझ्या आजोबांचे चुलतभाऊ. काळ १९५० नंतरचा. त्यांनी सांगितलेलं मला पाठ आहे. पहाटे बैलबंडीने वडसा, तिथून गाडीने नागभीड, तिथे गाडी बदलायची आणि मग नागपूर. सोबत वळकटी, लोखंडी पेटी आणि तांदळाचं पोतं. ज्या दूरच्या नातेवाइकाकडे ते राहिले, त्याने भाडं कधी मागितलं नाही. वर्षाला दोन पोती तांदूळ मात्र न चुकता पोहोचले पाहिजेत.

त्या तांदळात मला पहिल्या पिढीच्या पदवीधरांचं अर्धं रहस्य दिसतं. नागपुरात बिऱ्हाड असलेला नातेवाईक कोणाला होता? मालगुजाराला, वकिलाला, सावकाराला. कुळाच्या पोराला नव्हता, आणि माडिया पोराला तर नागपूर हे नावही ऐकून माहीत नसेल. हुशारी सगळीकडे होती, खाट काहीजणांकडेच होती.

पाच मुलांचं वसतिगृह

नातेवाईक नसलेल्याला खाट द्यायची तर ती सरकारने किंवा समाजाने द्यावी लागते. मॅट्रिकनंतरच्या शिक्षणासाठी भारत सरकारची शिष्यवृत्ती अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी १९४४ मध्ये सुरू झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेव्हा व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात होते आणि त्यांनी हा विषय लावून धरला होता. आदिवासी विद्यार्थ्यांना ती १९४८ पासून मिळू लागली. आजही फॉर्म भरताना आपण जिला ‘भारत सरकार’ म्हणतो ती हीच.

या योजनेच्या नियमांत मला फार आवडलेली एक जागा आहे. निर्वाहभत्त्याचे दर दोन: वसतिगृहात राहणाऱ्याला जास्त, घरून येणाऱ्याला कमी. मग ज्याला वसतिगृह मिळालं नाही आणि जो खोली करून राहतो, तो कुठे बसतो? त्यावर नियमांनी तोड काढली. किमान पाच विद्यार्थी एकत्र राहत असतील, त्यांची मेस एक असेल आणि त्या जागेला मान्यता असेल, तर तिलाही वसतिगृह मानता येईल. कुठल्यातरी गल्लीतली पत्र्याची खोली, पाच पोरं, एक स्टोव्ह आणि आळीपाळीने भात लावणं. सरकारी कागदावर हे वसतिगृह! ज्याने हा नियम लिहिला त्याला अशा खोल्या माहीत असणार.

पुढे कॉलेजं जवळ आली. वरोऱ्याला बाबा आमटे यांच्या आनंदवनात आनंद निकेतन महाविद्यालय १९६४ मध्ये सुरू झालं. चंद्रपुरात शांताराम पोटदुखे यांच्या पुढाकाराने सरदार पटेल महाविद्यालय १९७० मध्ये. बाबासाहेबांनी १६ ऑक्टोबर १९५६ रोजी चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली होती. त्यानंतरच्या पिढीने पोट मारून पोरं शिकवली, हे इथल्या कोणत्याही जुन्या वस्तीत विचारलं तर ऐकायला मिळेल.

जंगलाच्या आत मात्र सुरुवात शाळेपासूनच करावी लागली. हेमलकशाचा लोकबिरादरी प्रकल्प १९७३ च्या डिसेंबरात सुरू झाला, त्याची शाळा १९७६ मध्ये. तिथून शिकलेली काही मुलं आनंदवनात आली, तिथून नागपूर-पुण्याला गेली, डॉक्टर-वकील झाली. माडिया समाजातले पहिले वकील म्हणून ओळखले जाणारे लालसू नोगोटी याच शाळेचे. पुण्यात कायदा शिकून ते परतले आणि २०१७ मध्ये जिल्हा परिषदेवर निवडून आले. या प्रवासात हेमलकसा ते आनंदवन हा टप्पा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. बारक्या पोराला मोठ्या गावात पोहोचल्यावर खाट तयार होती आणि माणसं ओळखीची होती. नागपूरच्या त्या तांदूळवाल्या नातेवाइकाची जागा एका संस्थेने घेतली होती.

एसटीतला डबा

ज्यांना खाट मिळाली नाही, त्यांना एसटीने सांभाळलं. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर सुरू झालेली ही गाडी विदर्भात आली ती १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर. विद्यार्थ्यांच्या मासिक पासला भाड्याच्या एक तृतीयांश पैसे. त्या पासवर आमच्या भागातली कितीतरी बी.ए., बी.कॉम. झाली.

मी अकरावी-बारावीला ब्रह्मपुरीत खोली करून होतो, पुढे पदवीला नागपूरला गेलो. ब्रह्मपुरीत डबा गावाहून यायचा. आई सकाळी सहाच्या गाडीत ड्रायव्हरच्या मागे डबा ठेवायची, झाकणावर माझं नाव रंगवलेलं. मी स्टँडवर उभा. आदल्या दिवशीचा रिकामा डबा परतीच्या गाडीत. असे वीसेक डबे त्या गाडीत असायचे. ड्रायव्हर-कंडक्टर एक रुपया घेत नसत. पावसाळ्यात नाल्यावर पाणी चढलं की गाडी नाही, म्हणजे डबा नाही. मग स्टँडवरच्या पोरांमध्ये ज्याच्या गावची गाडी आली त्याच्या डब्यात चार हात पडायचे.

मुलींसाठी हिशेब वेगळा होता. बारावीपर्यंत त्यांना एसटीचा पास मोफत. मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या गाड्याही बारावीपर्यंतच्या मुलींसाठी. पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला की ही सगळी सोय एका दिवसात संपते, आणि नेमकं तेव्हाच कॉलेज लांब गेलेलं असतं. माझी मामेबहीण बारावीनंतर थांबली. तिचे गुण माझ्यापेक्षा जास्त होते. मुलींच्या वसतिगृहाच्या यादीत नाव लागलं नाही आणि खोली करून पोरगी ठेवायला घर तयार नव्हतं. “पोरगा असता तं पाठवलं असतं बाप्पा,” मामा म्हणाले, आणि त्यात त्यांना काही वावगंही वाटलं नाही. मार्च २०२३ पासून एसटीत सगळ्या महिलांना अर्धं तिकीट झालं. तिच्या धाकट्या बहिणीला त्याचा उपयोग झाला. तिला स्वतःला पंधरा वर्षं उशीर झाला.

आणखी एक अडचण तारखांची. आमच्याकडे हातात रोख पैसा येतो तो एप्रिल-मेच्या तेंदूपत्त्यात. सत्तर पानांचा एक पुडा. पहाटे जंगलात, दुपारी पुडे बांधणं, संध्याकाळी फळीवर मोजणी. कितीतरी मुलांची प्रवेश फी, गादी आणि पहिल्या महिन्याचं भाडं याच पुड्यांतून निघतं. पण मजुरी कधी लगेच मिळते, कधी बोनससकट महिन्यांनी. प्रवेश जून-जुलैत. त्याच वेळी धानाची रोवणी, म्हणजे घरात एकेक हात हवा. आणि त्याच वेळी पूर: पर्लकोटा नदी फुगली की भामरागडचा रस्ता बंद, हे दर पावसाळ्याचं. जूनमध्ये सुरू होणारं शैक्षणिक वर्ष कोणाच्या सोयीने ठरलं असेल ते असो, पर्लकोटेच्या पलीकडच्या मुलाला विचारून ठरलेलं नाही.

जवळ आलेलं विद्यापीठ, लांब गेलेला दाखला

२०११ मध्ये नागपूर विद्यापीठातून वेगळं होऊन गडचिरोलीत गोंडवाना विद्यापीठ झालं, चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांसाठी. सही-शिक्क्यासाठी नागपूरला मारावे लागणारे हेलपाटे वाचले, ही मोठी गोष्ट. एटापल्ली, अहेरी, भामरागडलाही आता कॉलेजं आहेत. चंद्रपूरला सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज १९९६ पासून आणि मेडिकल २०१५ पासून.

पण अंतर संपलं नाही, त्याने रूप बदललं. गडचिरोलीत पदवी घेऊन नागपूरला एम.ए. करायचं तर आता मायग्रेशन सर्टिफिकेट लागतं, कारण विद्यापीठ वेगळं. सिरोंच्याहून गडचिरोलीपेक्षा वारंगल जवळ आहे, तिथल्या पोरांना तेलुगूही येते. पण वारंगलला तो परराज्यातला, अधिवासाचा दाखला महाराष्ट्राचा. जात वैधता प्रमाणपत्रासाठी १९५० च्या आधीचा पुरावा शोधायचा, तोही ज्या घरात शाळेची पायरी चढलेला पहिला माणूस आपणच आहोत अशा घरात. पूर्वी नदी आडवी यायची. आता नदीवर पूल होतो आणि पलीकडच्या खिडकीवर कागद आडवा येतो.

खाटेचंही तसंच. आदिवासी वसतिगृहात जागा मिळाली नाही तर जेवण-राहण्याचे पैसे थेट खात्यात देणारी पंडित दीनदयाल उपाध्याय स्वयंम योजना २०१६-१७ मध्ये आली. नागपूर-पुण्यासारख्या शहरांसाठी वर्षाला ६० हजार रुपये. अनुसूचित जातींसाठी तशीच स्वाधार योजना. कल्पना चांगली. पण पैसा खात्यात येईपर्यंत घरमालक थांबत नाही आणि मेसवाली बाईही थांबू शकत नाही, तिलाही किराणा आणायचा असतो. २०१८ मध्ये वसतिगृहांतल्या खानावळी बंद करून जेवणाचे पैसे खात्यात द्यायचं ठरलं, तेव्हा जुलैमध्ये आदिवासी विद्यार्थी पुण्याहून नाशिकला पायी निघाले. बाहेरच्यांना कळेना की रोख पैसे मिळत असताना ही पोरं ताट कशाला मागतात. ज्याने हप्त्याची वाट बघत महिना काढलाय त्याला ते लगेच कळतं. ताट रोज येतं. हप्ता कधी येईल ते सांगता येत नाही.

हे सगळं पुढे-मागे ठेवून पाहिलं की मला एकच गोष्ट दिसते. १८८५ असो की २०१८, आमच्या भागातून जो टिकला त्याच्यासाठी शहरात कोणीतरी आधीच जागा धरून ठेवली होती. नातेवाईक, आनंदवनासारखी संस्था, वसतिगृहाचा बरा गृहपाल, किंवा आधी गेलेला गावचा पोरगा, ज्याने “ये, आमच्या रूमवर पड” म्हटलं. कॉलेज उघडणं हे काम अर्धंच. त्या कॉलेजला किती खाटा जोडल्या, त्यातल्या मुलींच्या किती, आणि वसतिगृहाची यादी तास सुरू व्हायच्या आधी लागते की नंतर, हे उरलेलं अर्धं. ते कोणत्याही उद्घाटनाच्या कोनशिलेवर नसतं.

तुम्ही यंदा प्रवेश घेणार असाल तर दाखले तेंदूच्या हंगामाआधी काढून ठेवा, मेमध्ये घरात कोणाला वेळ नसतो. आणि शिकून झालेले असाल तर एक करा. गावातला पहिला पदवीधर शोधा, हयात असेल तर त्याच्याजवळ बसा. कोणत्या कॉलेजात शिकला ते नंतर विचारा. आधी विचारा, राहिलात कुठे आणि जेवलात कुणाकडे. त्या घराचं नाव लिहून ठेवा.