तोरणा, डायनिंग टेबल आणि अण्णा

दिवाळीतला किल्ला हा तसा फसवा प्रकार आहे. मुलं चार दिवस चिखलात लोळतात, अळीव पेरतात, बुरुजावर मावळे उभे करतात. आणि मग भाऊबीज होऊन जाते तरी त्या किल्ल्यावर चाल करून कुणीही येत नाही. यंदा आमच्या आठवीतल्या चिरंजीवांनी हाच मुद्दा काढला. "बाबा, हे मावळे नुसते उभे का? लढाई कधी?"

मी पडलो बी.कॉम. इतिहासाशी माझा संबंध दहावीला संपला. पण मुलापुढे 'मला येत नाही' म्हणणारा बाप अजून जन्माला यायचाय. मी वाचनालयात गेलो. तिथे कळलं, की रायस्विट्झ नावाच्या एका जर्मन बापलेकांनी हाच उद्योग केला होता. बापाने १८१२ साली प्रशियाच्या राजाला टेबलावरची लढाई करून दाखवली, आणि लेकाने १८२४ साली तिचे नियम पक्के करून ती सैन्याच्या गळ्यात घातली. फासे टाकायचे, सोंगट्या हलवायच्या आणि एका पंचाने निकाल द्यायचा. म्हणजे बापलेकांनी टेबल अडवायची परंपरा जुनी आहे. हे मी सौ.ला सांगितलं. "त्यांच्याकडे जेवायला दुसरं टेबल असेल," असं तिचं उत्तर आलं.

लढाई कुठली, याचा निर्णय अण्णांमुळे झाला. अण्णा म्हणजे माझे वडील. आमचं मूळ गाव वेल्ह्याकडे, तोरण्याच्या सावलीत. अण्णांचं बालपण त्या डोंगरात गुरं राखण्यात गेलं. १४०३ मीटर उंचीच्या गडाला ते अजूनही 'आपला डोंगर' म्हणतात, जणू सातबाऱ्यावर नाव आहे. तेव्हा तोरणाच घ्यायचा ठरला. साल १७०४.

हे साल निवडायला माझं बँकेतलं मनही कारण आहे. राजाराम महाराज १७०० साली गेले, ताराबाई कारभार पाहू लागल्या, आणि म्हातारा औरंगजेब एकेक गड घेत सह्याद्रीत फिरू लागला. पण घेत म्हणजे कसा? १७०२ साली विशाळगड, १७०३ साली सिंहगड. दोन्हीकडे शेवटी रोकड मोजली गेली. आमच्याकडे याला तडजोड खातं म्हणतात. राजगडावर ७७ दिवस घासाघीस झाली आणि १६ फेब्रुवारी १७०४ ला तोही अटी ठरवून हातात आला. तोरणा मात्र असा गड, की जो पैसे न मोजता, खरोखर चढून घ्यावा लागला. व्हाउचरच नाही! कारकुनाला अशा व्यवहाराचं कुतूहल वाटणारच.

२३ फेब्रुवारीला मोर्चे लागले, १० मार्चला गड पडला. एक दिवस म्हणजे एक डाव. व्याज मोजून मोजून बोटं झिजली असल्यामुळे १७०४ हे लीप वर्ष होतं हे मी विसरलो नाही. एकूण डाव सतरा. रद्दी आणि खळ लावून गड उभा केला. झुंजार माची, बुधला माची, बिनी दरवाजा, कोकण दरवाजा, मध्ये मेंगाईचं देऊळ. नियम असा: गडकऱ्याकडे पहारे कमी आणि जागा जास्त. हल्ला करणाऱ्याने रात्री कुठून चढणार ते चिठ्ठीवर लिहून ठेवायचं. तिथे पहारेकरी असला तर फासा टाकायचा; तीन किंवा खाली पडले की पहारेकरी झोपला. (आमच्या शाखेत दुपारी तीननंतर पाच पडले तरी चालावेत.)

अडचण आली ती सैन्याची. बाजारात मोगल मिळत नाही. शिवाजी महाराज मिळतात, मावळे डझनावारी मिळतात, तोफ, वाघ, हंडेवाली बाई मिळते. अफझलखान मिळतो, पण तोही कोथळा बाहेर आलेल्या अवस्थेत. त्याला शिडीवर कसा चढवणार? मी मावळ्यांना हिरवा रंग द्यायला बसलो. आणि पुस्तकातलं पुढचं पान वाचून ब्रश खाली ठेवला.

त्या रात्री अमानुल्लाखानाबरोबर दोराच्या शिडीने जे कडा चढून गेले, ते मावळेच होते. मोगलांच्या चाकरीतले. रंगवायची गरजच नव्हती.

हे मी जेवताना सांगितलं. अण्णांनी घास खाली ठेवला. "आपल्यातलेच?"

"हो. पगार तिकडून मिळत होता."

"मग आपले पणजोबांचे पणजोबा वर होते का शिडीवर?" चिरंजीवांनी विचारलं. आठवीतल्या मुलांना असले प्रश्न कोण शिकवतं कळत नाही.

कुणीच बोललं नाही. आमच्या घराण्याची कागदपत्रं म्हणजे एक गहाणखत आणि माझी नेमणुकीची ऑर्डर. त्यात १७०४ साल येत नाही. पंचवीस वर्षं ज्या मुलखातून मोठमोठी लष्करं वैरण आणि धान्य ओरबाडत फिरत होती, तिथल्या माणसाला पोरांच्या तोंडात घालायला भाकरी कोण देत होतं, हाही प्रश्न होताच. पण तो अण्णांपुढे मोठ्याने विचारण्याचं धाडस मला झालं नाही.

"औरंगजेबाने गडाचं नाव फुतूहुल्गैब ठेवलं," मी विषय बदलला.

"कुणी म्हटलं का त्याला तसं?" अण्णा म्हणाले आणि हात धुवायला उठले.

खेळ मात्र त्यांनी सोडला नाही. गडकरी तेच झाले. सोळा डाव त्यांनी गड राखला. सतरावा सकाळी खेळायचा ठरवून आम्ही झोपलो. रात्री केव्हातरी स्वयंपाकघरात दिवा दिसला. सौ. पाणी प्यायला उठली असेल म्हणून मी कूस बदलली.

सकाळी पाहतो तो झुंजार माची ओस, दोन्ही दरवाजे ओस. सगळे पहारे बुधला माचीच्या एका बाजूला दाटीवाटीने उभे. देवळापाशी ठेवलेली हंडेवाली बाईसुद्धा कड्यावर!

"आजोबा, हे नियमात नाही," चिरंजीव ओरडले. "रात्री पहारे हलवता येत नाहीत."

"तिथे एक घळ आहे," अण्णा म्हणाले. "कागदावर नसते ती. शेळ्या चढायच्या तिथून. आम्ही पोरं त्यांच्या मागे. ज्याने त्यांना आणलं तो आमच्यासारखाच कुणी गुराखी असणार."

"पण माझी चिठ्ठी कुठे उघडलीय अजून?"

"उघड ना."

चिरंजीवांनी चिठ्ठी मुठीत घट्ट धरली आणि पंच म्हणून माझ्याकडे पाहिलं. मला नऊ पस्तीसची बस होती.