पत्त्यांचे तोतये: स्थानिक संगणक-जाळ्यांतील फसवणुकीचा इतिहास

१/ पानिपतावर १७६१ मध्ये सदाशिवरावभाऊ पडले. पुढे 'मीच भाऊ' म्हणणारा तोतया उभा राहिला. माधवराव पेशव्यांच्या काळात चौकशी होऊन त्याला कैद झाली. तरी रत्नागिरीहून सुटताच १७७६ मध्ये त्याने कोकणातील किल्ले घेतले. त्याच वर्षी पुण्यात त्याला देहदंड झाला. संगणकांच्या जाळ्यातही असेच तोतये वावरतात.

२/ घरातील वा कार्यालयातील जाळ्यात प्रत्येक यंत्राला दोन ओळखी असतात: जाळ्याने दिलेला आयपी पत्ता आणि नेटवर्क कार्डाचा ४८ बिटांचा मॅक पत्ता. या दोहोंची सांगड घालणारा एआरपी हा नियम डेव्हिड प्लमर यांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये मांडला.

३/ एक यंत्र साऱ्या जाळ्याला विचारते, "हा आयपी पत्ता कोणाचा?" ज्याचा असेल तो आपला मॅक पत्ता कळवतो. विचारणारा तो काही काळ टिपून ठेवतो. उत्तर देणारा खरा आहे काय, हे तपासण्याची सोय या नियमात नाही. अनेक यंत्रे तर न विचारता आलेले उत्तरही मान्य करतात.

४/ ही उणीव का राहिली? त्या काळी जाळी लहान होती आणि वापरणारे बहुधा परस्परांचे सहकारी. १९८६ मध्ये भारतात सुरू झालेल्या अर्नेटमध्येही आरंभी आठच संस्था होत्या. पवईची आयआयटी आणि जुहूची एनसीएसटी त्यांपैकी दोन. अनोळखी माणूस आत येईल, हा विचार दूरचा होता.

५/ धोका मात्र लवकरच ओळखला गेला. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेचे स्टीव्हन बेलोविन यांनी १९८९ च्या निबंधात इंटरनेटच्या नियमांतील दोष दाखवले. खोट्या एआरपी उत्तरांचा उल्लेख त्यात आहे.

६/ जुहूहून उत्तरेस, वेसाव्याची खाडी ओलांडली की मढ. तेथील बंगले चित्रीकरणासाठी भाड्याने जातात. अशा बंगल्यात सारा चमू एकाच वाय-फायवर आहे, अशी कल्पना करावी. एखादा लॅपटॉप सर्वांना सांगतो, "राउटर मीच." राउटरला सांगतो, "ही सारी यंत्रे मीच." मग दोन्ही बाजूंची ये-जा त्याच्याच हातून होते आणि कोणालाही संशय येत नाही.

७/ मध्ये शिरलेल्या तोतयाची किंमत पुण्याने पाहिली. ऑगस्ट २०१८ मध्ये कॉसमॉस बँकेवर हल्ला झाला. तंत्र एआरपीचे नव्हते, पण डाव ओळखीचा होता: एटीएमच्या विनंत्या बनावट स्विचकडे वळल्या आणि त्यानेच मंजुरी दिली. एटीएममधील रोकड आणि परदेशी पाठवलेली रक्कम मिळून सुमारे ९४ कोटी रुपये गेले.

८/ उपाय आहेत. कार्यालयांतील चांगले स्विच खोटी एआरपी उत्तरे अडवतात. एचटीटीपीएसमध्ये मजकूर कूटबद्ध असतो आणि संकेतस्थळाला प्रमाणपत्र दाखवावे लागते. म्हणून ब्राउझरने प्रमाणपत्राचा इशारा दिल्यास पुढे जाऊ नये. संगणकाद्वारे तोतयेगिरी करून फसवणूक केल्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ड नुसार तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

९/ १९८२ चा तो नियम आजही घरोघरी चालू आहे. भाऊंच्या तोतयाची पारख भाऊंना ओळखणाऱ्यांनी केली. एआरपी कोणालाच ओळखत नाही. ती पारख जाळे वापरणाऱ्यांनाच करावी लागते.