वादळात पडलेले लाकूड कोणाचे?

१ ऑगस्ट १९८३ रोजी बव्हेरियाच्या पूर्व सीमेवरील डोंगरांतून मोठे वादळ गेले आणि शेकडो एकरांवरील स्प्रूसचे वृक्ष मुळांसकट आडवे झाले. स्प्रूस हे देवदाराच्या जातकुळीतील सूचिपर्णी झाड. त्याच्या सरळ खोडाला इमारती लाकूड म्हणून चांगली किंमत येते. अशा प्रसंगी काय करावयाचे, हे तेथील वनखात्याला पिढ्यान्‌पिढ्या पाठ होते. वाटा मोकळ्या करावयाच्या, ओंडके ओढून काढावयाचे, आणि ते कुजण्यापूर्वी विकावयाचे. परंतु ही झाडे नेहमीच्या सरकारी जंगलात पडली नव्हती. १९७० साली स्थापन झालेल्या ‘बव्हेरियन फॉरेस्ट’ या जर्मनीतील पहिल्या राष्ट्रीय उद्यानात ती पडली होती.

या डोंगरांना वादळे नवी नव्हेत. १८६८ आणि १८७० साली बोहेमियाच्या सीमेलगतच्या या रानांत असाच प्रलय झाला होता. त्यामागून साल पोखरणारा भुंगेरा आला आणि पुढील काही वर्षे लाकूडतोड्यांच्या टोळ्या डोंगर उपसत राहिल्या. मोकळ्या झालेल्या उतारांवर पुष्कळ ठिकाणी पुन्हा स्प्रूसच लावण्यात आले, कारण त्याला गिऱ्हाईक होते. एकाच जातीचे, एकाच वयाचे वन वाऱ्यापुढे किती दुबळे असते, हे त्या काळी फारसे कोणी मनावर घेतले नाही.

१९८३ साली निर्णय देण्याची पाळी अन्न, शेती व वने या खात्यांचे मंत्री हान्स आयझेनमान यांच्यावर आली. उद्यानाचे प्रमुख हान्स बिबेलरीटर हे स्वतः वनाधिकारी होते आणि त्यांचा कल निसर्गाच्या कामात हात न घालण्याकडे होता. आयझेनमान यांनी तो मानला. राखीव भागात पडलेली झाडे जेथे पडली तेथेच राहू द्यावीत, असे ठरले. मुलांनातवंडांसाठी येथे आदिवन उभे राहू द्यावे, ही त्यांची भूमिका होती. देवराईतील वाळकी काठीही घरी नेऊ नये, ही रीत ज्यांना ठाऊक आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. पण लाकडाचा हिशेब क्यूबिक मीटरमध्ये मांडणाऱ्या त्या प्रांतात हे धाडसच होते.

त्या धाडसाची परीक्षा लवकरच सुरू झाली. या भुंगेऱ्याला जर्मन लोक ‘छपाईवाला’ म्हणतात, कारण सालीखाली तो कोरीत असलेल्या नळ्या छापील ओळींसारख्या दिसतात. नुकतेच पडलेले स्प्रूस ही त्याला मेजवानीच. ते लाकूड वाळून त्याच्या उपयोगाचे उरत नाही, तोवर त्याची प्रजा अमाप वाढलेली असते व ती उभ्या झाडांवर चढते. १९९० नंतरच्या उष्ण वर्षांत राखेल आणि लूझेन या शिखरांभोवतीचे वन करडे पडत गेले. कालांतराने पाच हजार हेक्टरांहून अधिक क्षेत्रातील जुने स्प्रूस मेले.

पायथ्याच्या गावकऱ्यांना याचे दुःख झाले. ते केवळ लोभाचे नव्हते. काचेच्या भट्ट्या आणि लाकूड यांवर या मुलखाची घरे शतकानुशतके चालली होती. आजोबांनी राखलेले रान डोळ्यांदेखत मरावे, लाखमोलाचे ओंडके कुजावेत, आणि सरकारने हात बांधून बसावे, हे त्यांना पटेना. झरे आटतील, पाणी नासेल, पाहुणे येईनासे होतील, अशी भीती होती. १९९७ साली उद्यान सुमारे चोवीस हजार हेक्टरांपर्यंत वाढविण्यात आले तेव्हा विरोध फारच कडवा झाला. त्यांच्या रागाला अडाणीपणा म्हणणे अन्यायाचे होईल. वन परत येईल, हे त्या वेळी त्यांना दाखविता येण्याजोगे नव्हते.

ते परत आले, पण पूर्वीचे नव्हे. माथ्यावरच्या थंड, गवताळ जमिनीत स्प्रूसचे रोप सहज धरत नाही; कुजत्या ओंडक्यावर मात्र ते गवताच्या वर राहते, आणि तेथे बर्फही लवकर वितळते. ओंडके ओढून नेले असते, तर ही गादीच नाहीशी झाली असती आणि यंत्रांच्या चाकांखाली कोवळी रोपेही गेली असती. आता तेथे हेक्टरी हजारो तरुण झाडे आहेत, निरनिराळ्या वयांची, मध्ये रोवन वृक्षाची लाल फळे. जुन्या अरण्यांतच आढळणारी पिवळी लाकूडबुरशी पुन्हा पसरली. पाण्यातील नायट्रेट काही वर्षे वाढले, परंतु पिण्याच्या पाण्याची मर्यादा त्याने ओलांडली नाही.

सीमेपलीकडे, चेक प्रजासत्ताकाच्या शुमावा उद्यानात, हाच वाद २००७ च्या जानेवारीतील ‘किरिल’ वादळानंतर अधिक चिघळला. २०११ साली तेथे तोड रोखण्यासाठी माणसे झाडांना बांधून घेऊन उभी राहिली आणि पोलिसांनी त्यांना हटविले.

बव्हेरियात तोडीला पूर्ण बंदी नाही, हेही सांगितले पाहिजे. उद्यानाच्या कडेने किमान पाचशे मीटरांचा पट्टा ठेवलेला आहे. तेथे भुंगेरा दिसताच झाड पाडून बाहेर काढतात, म्हणजे शेजारच्या शेतकऱ्याच्या खाजगी रानाला त्याची झळ लागू नये. आत, लूझेनच्या उतारावर, जुनी करडी खोडे अजून एकेक करून पडत आहेत.