रविवारची वाट

मुंबईच्या गिरणी कामगाराला रविवारची सुटी मिळाली ती १० जून १८९० पासून. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मिलहँड्स असोसिएशन स्थापून ही मागणी लावून धरली होती. हा इतिहास श्रोत्यांपैकी पुष्कळांना ठाऊक आहे. पण सुटी मिळाली म्हणजे प्रश्न संपला काय? त्या दिवशी कामगाराने जावे कोठे? या प्रश्नावरून विलायतेत झालेल्या एका झगड्याची हकीकत आम्ही सांगणार आहोत.

लँकेशायरमधील बोल्टन हे गिरणगाव. सूत कातण्याची यंत्रे बनविणारा डॉब्सन अँड बार्लो हा कारखाना इथलाच. त्याचा माल मुंबईच्या गिरण्यांतही आला. गावाच्या वायव्येला विंटर हिल हा सुमारे १५०० फूट उंचीचा डोंगर. वर झाडे जवळजवळ नाहीत. हेदरची जांभळ्या फुलांची खुरटी झुडपे, गवत, दलदल आणि वारा. अशा उजाड माळाला तिकडे मूर किंवा हीथ म्हणतात. सहा दिवस कापसाची धूळ छातीत घेणारा कामगार रविवारी कोलपिट रोडने हा माळ ओलांडी आणि पलीकडे बेलमाँट गावी उतरे.

हा माळ कर्नल रिचर्ड एन्सवर्थ या जमीनदाराचा. कपडा धुऊन शुभ्र करण्याच्या धंद्यात या घराण्याने पैसा मिळविला होता. ग्राऊस पक्ष्यांच्या शिकारीत व्यत्यय नको म्हणून त्याने १८९६ साली वाट अडविली, फाटक बसविले.

तेव्हा सोशल डेमोक्रॅटिक फेडरेशनच्या स्थानिक समाजवाद्यांनी मोर्चा पुकारला. जोसेफ शफलबॉटम आणि पत्रकार सॉलोमन पार्टिंग्टन हे पुढे होते. रविवार, ६ सप्टेंबर रोजी निघालेली मंडळी वाटेत वाढत वाढत सुमारे दहा हजार झाली. फाटकाशी मूठभर पोलीस व शिकाररक्षक होते. ते काय करणार? फाटक मोडले, माणसे माळावरून चालत बेलमाँटला उतरली आणि तिथल्या पबांतली बिअर संपवून टाकली, असे सांगतात. पब म्हटले की आपल्यापुढे गुत्ता उभा राहतो. पण स्वतःची कचेरी नसलेल्या जुन्या कामगार संघटनांच्या सभा पबातच भरत, वर्गणीही तिथेच गोळा होई. पुढच्या रविवारी लोक पुन्हा चालले. ॲलन क्लार्क या गिरणीत वाढलेल्या लेखकाने तर बोलीभाषेत त्यावर गाणेच रचले.

मग कर्नल कोर्टात गेला. पुष्कळ लोक पुष्कळ वर्षे बिनहरकत वापरतात ती वाट सार्वजनिक ठरते, असे इंग्रजी कायदा मानतो. म्हणून माणसांनी साक्षी दिल्या की आम्ही लहानपणापासून इथून जात आलो. तरीही १८९७ साली निकाल कर्नलच्या बाजूने लागला आणि खर्चाचा बोजा पुढाऱ्यांवर पडला.

दहा हजारांचे पाय एका निकालाने हरले. पण गोष्ट तिथे थांबली नाही. १९३२ साली किंडर स्काऊटच्या माळावर तरुण कामगार असेच चढले. त्यांतले पाच तुरुंगात गेले. १९३८ साली एन्सवर्थांची स्मिथिल्स इस्टेट बोल्टन नगरपालिकेने विकत घेतली. मोर्चाला शंभर वर्षे झाली त्या १९९६ साली ही वाट सार्वजनिक म्हणून नोंदली गेली, आणि २००० सालच्या कायद्याने इंग्लंडमधील नोंदलेल्या डोंगर, मूर व हीथवर पायी हिंडण्याचा हक्क सर्वांना मिळाला.

आम्ही संघटनेच्या कामात एक गोष्ट पुन्हा पुन्हा पाहिली आहे: गरिबाचा हक्क त्याच्या वहिवाटीत असतो आणि धन्याचा कागदावर. आपल्या गावाभोवतीही पाणंदी आहेत, नदीवर उतरणाऱ्या वाटा आहेत. त्यांतली कोणती गावनकाशावर आहे आणि कोणती केवळ म्हाताऱ्यांच्या आठवणीत आहे, हे कुंपण पडण्यापूर्वी पाहून ठेवावे. रविवार आपल्यापाशी आहे. त्यातला एखादा या कामाला द्यावा, एवढीच आमची विनंती.